‘नीट लक्ष ठेव’ म्हटल्याने बोटं वाचत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागून चार महिने झाले. गेल्या महिन्यात बारा वर्षं माग चालवणाऱ्या एका विणकराचं बोट चालू मागात गेलं. मालक, जॉबर (मागांची दुरुस्ती-जुळवणी करणारा), शेजारच्या मागावरचे, सगळे एकच बोलले, ‘त्याचं लक्ष नव्हतं.’ आता शेडमध्ये ‘कामावर लक्ष ठेवा’ अशी पाटी लागली आहे. पण लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं करायचं काय, आणि पन्नास-साठ माणसांकडून ते करून कसं घ्यायचं?

पाटी राहू द्या, ती कोणी वाचत नाही. आधी त्या विणकराबद्दल बोलू. तुम्ही लिहिलंय की तो तुटलेला धागा जोडत होता. म्हणजे त्याचं लक्ष होतं, आणि पुरेपूर होतं. बारीक धाग्याच्या टोकावर माणूस डोळे रोवतो तेव्हा त्याच्याइतकं लक्ष देवळातल्या पुजाऱ्याचंही नसतं. त्याच्याकडे नव्हतं ते भान. आपल्या भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत. लक्ष एका ठिकाणी लागतं. भान आजूबाजूचं असतं. एकात माणूस बुडाला की दुसरं सुटतं, म्हणून तर आपण ‘कामाच्या नादात भान राहिलं नाही’ असं म्हणतो. तेव्हा त्याला आणखी लक्ष दे म्हणून सांगणं म्हणजे बुडालेल्याला अजून खोल जा म्हणण्यासारखं आहे.

माझ्या डाव्या करंगळीला वरचं पेर नाही. ते कसं गेलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

भारनियमनाचे दिवस होते, २००५-०६ च्या आसपासचे. मी पूर्व भागातल्या एका शेडमध्ये जॉबर होतो. दुपारी वीज जायची. खटखट थांबली की कानात नुसती शीळ घुमायची. विणकर गल्लीत बिडी ओढायला जायचे आणि जॉबरला तीच वेळ साफसफाईची. एका मागाच्या बाजूच्या दातेरी चाकांत उडालेली रुई आणि तेल बसून काळा गोळा झाला होता. मी उकिडवा बसलो, जाळी बाजूला केली आणि खिळ्याने तो गोळा उकरायला लागलो. निघेना. मग बोट घातलं.

दारातून कांड्या भरणारा, म्हणजे आडव्या धाग्याच्या रिळांवर सूत गुंडाळणारा पोरगा ओरडला, ‘करंट वच्चिंदि!’ सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला या तेलुगूचा अर्थ सांगावा लागत नाही. वीज आली. मी ते ऐकलं. मला कळलंही, मनात आलेलं आजही आठवतं, ‘चला, आज लवकर आली.’ आणि बोट तसंच आत. पोरगा चार पावलं चालून मेन स्विचपर्यंत गेला, त्याने खटका वर केला. त्या मागाचा विणकर हँडल चालू स्थितीत सोडूनच बाहेर गेला होता. त्या जमान्यात स्टार्टर कमी व्होल्टेजला सारखा ट्रिप होतो म्हणून आमच्याकडे तो बायपास करून साधा स्विच बसवलेला. नाहीतर स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती सुटते, आणि वीज परत आली तरी कोणी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. आमच्याकडे फिरली.

आता बघा, ऐकण्यात चूक नव्हती. अर्थ लावण्यातही नव्हती. पण ‘वीज आली’ आणि ‘माझं बोट चाकात आहे’ या दोन गोष्टी डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. मध्ये सहा-सात सेकंद होते. बोट काढायला अर्धा सेकंद पुरतो.

बऱ्याच वर्षांनी सुरक्षेचा कोर्स करताना कळलं की याचा रीतसर अभ्यास झालेला आहे. मायका एंड्सली या अमेरिकन संशोधिकेने विमान चालवणाऱ्यांच्या कामावरून १९९५ मध्ये याची सविस्तर मांडणी केली. पुढे त्या अमेरिकी हवाई दलाच्या मुख्य शास्त्रज्ञही झाल्या. त्यांच्या हिशेबाने भानाच्या तीन पायऱ्या आहेत. भोवती काय चाललंय ते टिपणं, त्याचा आपल्याशी काय संबंध ते उमगणं, आणि त्यावरून पुढच्या काही क्षणांत काय होणार ते ताडणं. मी पहिली पायरी चढलो होतो, दुसरीवर एक पाय टेकला होता. तिसरीचं नावच नाही. माझ्या अनुभवात शेडमधले अनुभवी लोक पहिलीवर क्वचितच चुकतात. त्यांना सगळं दिसत असतं. ‘मग आता पुढे काय होईल’ हा प्रश्न ते विचारत नाहीत, कारण काल काही झालं नव्हतं, परवाही नव्हतं.

म्हणून बारा वर्षांचा अनुभव ही गोष्ट दुधारी आहे. नवा पोरगा घाबरून हात लांब ठेवतो. जुना माणूस चालू मागात हात घालून धागा काढतो, आणि हजार वेळा तो बरोबर काढतो. हजार वेळा बरोबर आल्याने त्याची खात्री होते की आपल्याला हे जमतं. खरं तर त्या हजार वेळा परिस्थिती तीच होती, एवढंच. हजार एकाव्या वेळी काहीतरी वेगळं असतं.

मी माझ्या माणसांना आता एकच प्रश्न पाठ करायला लावतो: ‘आत्ता काय बदललं?’ चोवीस तास सावध कोणीच राहू शकत नाही, मीही नाही, आणि तसं सांगणारा ट्रेनर आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पण बदलाच्या वेळी दोन सेकंद थांबणं जमतं. वीज जाऊन आली, बदल झाला. पाळी बदलली. जेवून परत आलो. शेजारी नवा माणूस उभा राहिला. मागाचं काम जॉबरने आत्ताच संपवलं, तर तो माग सकाळचा राहिलेला नाही. सूत वेगळ्या गिरणीचं लागलं, धागा जास्त तुटतोय, म्हणजे आज हात जास्त वेळा आत जाणार. मालक पाहुण्यांना घेऊन आले. एक्स्पोर्टची ऑर्डर, कंटेनर उद्या निघायचाय. यातलं काहीही झालं की थांबायचं, हात कुठे आहेत ते बघायचं, मग पुढे. तुमच्या त्या विणकराच्या अपघाताच्या आधी पंधरा मिनिटांत काय बदललं होतं, हे कोणी विचारलं का? माझी पैज आहे, काहीतरी सापडेल.

कामात व्यत्यय आला की काय करायचं, हेही यातच आलं. धागा जोडताना कोणी हाक मारली, फोन वाजला, तर परत आल्यावर सोडलेल्या जागेवरून सुरुवात करायची नाही. दोन पायऱ्या मागे जायचं. हँडल बंद आहे का, इथून. सोडलेल्या जागेवरून सुरू केलं की डोकं समजतं मधली पायरी झाली आहे, आणि नेमकी तीच राहिलेली असते.

कानाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण यंत्रमागाच्या शेडमध्ये निम्मं भान कानात असतं आणि बाहेरून आलेल्या सेफ्टीवाल्यांना ते कळत नाही. मुरलेला विणकर पाठमोरा उभा असला तरी त्याला कळतं की चौथा माग बिघडतोय. खटखटीचा ठेका बदलतो, मध्येच एक पोकळ ठोका पडतो, धोटा (आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो) पेटीत नीट बसत नाहीये. तो वळून बघेपर्यंत धोटा उडू शकतो. पोलादी टोकाचा लाकडी धोटा उडाला तर तो कोणाच्या डोळ्याला लागेल हे नशिबावर असतं. म्हणून धोट्याच्या मागाला पुढे गार्ड असतो, आणि धागा दिसत नाही म्हणून तो वर करून ठेवायची खोड असते. तो गार्ड वर दिसला की खाली करा, भांडण झालं तरी करा.

पण हा कान टिकतो किती वर्षं? आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि जुन्या धोट्याच्या मागांची शेड ती सहज ओलांडते. वीस वर्षं त्यात काढलेल्या माणसाला आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. त्याला स्वतःला ते कळत नाही. घरी टीव्हीचा आवाज वाढवण्यावरून सूनबाई बोलते तेव्हा कळतं. इयरप्लग दिले तर विणकर म्हणतो, ‘अण्णा, माग ऐकू येत नाही.’ त्याचं म्हणणं खोटं नाही, पण आठवडाभर वापरले की सगळेच आवाज खाली येतात आणि ठेका बदललेला तरीही कळतो. आठवडा काढायला लावायचा, एवढंच. मोबाइलचे इयरफोन मात्र वेगळी गोष्ट. त्यात गाण्याचा ठेका असतो, मागाचा नसतो. ते मी दारावरच काढून घेतो.

आणि एवढ्या गोंगाटात ओरडून दिलेला इशारा हा इशारा नव्हे. माझ्या पोरग्याची हाक मला ऐकू आली, कारण माग बंद होते. चालू शेडमध्ये हाताच्या खुणा ठरवा. दोन्ही हात डोक्यावर उलटे-सुलटे म्हणजे बंद कर, असं काहीतरी चार-पाच खुणांचं. तेलुगू, कन्नड, दखनी, मराठी, चारही बोलणारी माणसं एका शेडमध्ये असतात आपल्याकडे. हात सगळ्यांना कळतो.

सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय, तेव्हा इथल्या कोणाच्या ना कोणाच्या घरात रेल्वेतला माणूस असतोच. त्याला विचारा, इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल दिसला की काय करतात. हात करून मोठ्याने बोलतात. एक म्हणतो, दुसरा तेच परत म्हणतो. दोघांनाही तो सिग्नल दिसलेलाच असतो, मग बोलायचं कशाला? कारण बोललं की डोळ्याने बघितलेलं डोक्यापर्यंत पोहोचतं. जपानच्या रेल्वेत ही पद्धत शंभर वर्षांपासून आहे, आणि तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये साध्या कामांवर तपासून पाहिलं तेव्हा बोट दाखवून बोलणाऱ्यांच्या चुका काही न करणाऱ्यांच्या जवळपास सहाव्या हिश्शावर आल्या. आमच्याकडे जॉबर मागात हात घालण्याआधी बोट करून म्हणतो, ‘हँडल बंद, मेन बंद, कुलूप माझं.’ पहिले पंधरा दिवस सगळे हसत होते. एका म्हाताऱ्या जॉबरने तर ‘मंगलाष्टकं म्हणतोयस का’ असं विचारलं. आता तोही म्हणतो.

कुलूप हा शब्द मुद्दाम वापरला. मेन स्विचला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. शे-दीडशे रुपयांची गोष्ट. माझ्या वेळी असतं तर पोरग्याला खटका वर करताच आला नसता, आणि मी तंद्रीत होतो की शुद्धीत याने काही फरक पडला नसता. भान राखायला सगळे शिकवतात. भान नाही राहिलं तरी बोट राहील अशी सोय करणं हे सुपरवायझरचं खरं काम. १९४८ च्या कारखाना कायद्यातही चालू यंत्राचं तेलपाणी आणि जुळवणी खास शिकवलेल्या माणसानेच, तेही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करायची अशी अट होती. त्या काळी कोणीतरी सुटलेल्या धोतराचा सोगा नाहीतर सदऱ्याची बाही गुंडाळलेली बघितली असणार.

आता ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याची शेड, वर डाइंग हाउसची वाफ असेल तर विचारूच नका. उन्हाने माणूस चक्कर येऊन पडतो तेव्हा सगळ्यांना दिसतं. त्याच्या तासभर आधीपासून त्याचं डोकं मंद झालेलं असतं, ते कोणालाच दिसत नाही. उत्तर द्यायला वेळ लागतो, दोनदा विचारावं लागतं, चिडचिड वाढते. जॉबर विनाकारण खेकसायला लागला की मी त्याला समजावत बसत नाही, पाणी देतो. मीठ-साखर-लिंबाचं पाणी किंवा ताक तहान लागण्याआधी फिरवावं. अकरा, एक, तीन, अशा ठरलेल्या वेळी. अवजड आणि हात घालायची कामं सकाळी.

उन्हाची आणखी एक गंमत. दुपारी अंगणातल्या झगझगीत उजेडातून आत आलात की डोळ्यांना शेड नीट दिसायला काही मिनिटं लागतात. त्या वेळात माणूस आपल्याला दिसतंय असं समजून सवयीने चालत असतो. दारातच थोडं थांबायचं. पायात काय आहे, वर काय लटकतंय, टेम्पो मागे येतोय का, बाहेर जायची वाट मोकळी आहे का. रात्रपाळीत हाच धोका पहाटे तीन ते पाच. त्या वेळात शरीर झोप मागतं, तुम्ही कितीही चहा प्या. मी त्या दोन तासांत बीम (उभ्या धाग्यांचा जड रूळ) चढवणं, दुरुस्ती असली कामं लावतच नाही.

मजुरी नगावर असली की हे सगळं दुप्पट होतं. माग बंद म्हणजे पैसे बंद. त्याला ‘हँडल बंद करून धागा काढ’ म्हणता, तेव्हा तुम्ही त्याच्या खिशातून पैसे काढताय. मालकाशी याबद्दल बोलायची हिंमत तुम्हालाच करावी लागेल, दुसरं कोणी करणार नाही. आमच्याकडे बंद वेळेचा थोडा हिशेब पगारात धरायला मालक तयार व्हायला दीड वर्ष लागलं.

तुमच्या कारखान्यात सांडपाण्याची टाकी असेल तर एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा, कारण तिथे नाकच खोटं बोलतं. साचलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. थोडा असतो तेव्हा खूप घाण वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास येईनासा होतो. आत उतरलेला माणूस म्हणतो, आता वास गेला. पुढे तो पडतो, आणि त्याला काढायला दुसरा उडी टाकतो, मग तिसरा. हे वर्तमानपत्रात दरवर्षी कुठून ना कुठून येतंच. साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीचंही तसंच, आणि आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने काही कमी नाहीत. गॅस मीटरने हवा तपासल्याशिवाय, वर माणूस आणि दोर असल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. पडलेल्याला बघून धावत सुटणारा पाय हा चांगल्या माणसाचा असतो, पण त्या क्षणी त्याला फक्त पडलेला माणूस दिसतो, टाकी दिसत नाही. म्हणून टाकीच्या तोंडाला झाकण आणि झाकणाला कुलूप.

१८ मे २०२५ ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. त्या आठवड्यात मी आमच्या शेडमध्ये एक प्रयोग केला. पाळी संपल्यावर सगळे माग बंद केले आणि प्रत्येकाला सांगितलं, आपल्या मागापासून डोळे मिटून, भिंतीला हात लावून दारापर्यंत या. वाटेत बाजूला माणसं उभी केली होती, कोणी पडू नये म्हणून. चौदा वर्षं त्याच शेडमध्ये काम केलेला एक विणकर उलट्या दिशेने निघाला आणि पॅकिंगच्या कोपऱ्यात जाऊन अडकला. दुसरी बाई भिंत धरून बरोबर आली, पण मागच्या दारासमोर सुताचे बाचके रचलेले होते, त्यांना भिंत समजून ती पुढे निघून गेली. मागचं दार आहे हे तिला माहीत होतं. मला बाचके तिथे आहेत हे माहीत होतं. रोज दिसत होते. उलट ते रचायला मीच सांगितलं होतं, गोदाम भरलं म्हणून. तुम्ही हा प्रयोग या शनिवारी करा. पाटीवर खर्च केले त्याहून स्वस्त पडेल.

बाकी सुपरवायझर म्हणून दोन सवयी. राउंड रोज त्याच वाटेने घेऊ नका, कधी उलट्या बाजूने, कधी मागांच्या पाठीमागून घ्या. नेहमीच्या वाटेवर नेहमीचंच दिसतं. आणि पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटं, भाषण न करता, एका माणसाला विचारा: ‘तुझ्या मागावर आज कोणाला लागलं तर ते कसं लागेल?’ जपानी कारखान्यांत १९७० च्या दशकापासून धोका आधीच ओळखायचा असा सराव घेतात, आमचा प्रकार त्याचाच गावठी अवतार. पहिल्यांदा ‘काय नाय होत’ असं उत्तर येईल. चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी सांगेल की तिसऱ्या मागाचा पट्टा फाटलाय आणि जाळी नाही. तो पट्टा त्याच दिवशी बदला. दुसऱ्या दिवशी बदललात तर पुन्हा कोणी सांगणार नाही.

बोट थोडक्यात वाचलं अशी कोणी कबुली दिली, तर त्याच्यावर ओरडू नका. माझ्या करंगळीच्या आधी त्याच मागावर दोघांचे हात थोडक्यात वाचले होते. मला ते दवाखान्यात कळलं. दोघंही भेटायला आले तेव्हा कॉटजवळ उभे राहून सांगत होते.

तुमचा तो विणकर सुट्टी संपवून कामावर येईल, तेव्हा पहिल्या दिवशी त्याला त्याच मागावर उभं करू नका. हात आपोआप आत जाईल किंवा भीतीने थरथरेल, दोन्ही वाईट. त्याला कांड्या द्या किंवा पॅकिंगला बसवा. दुपारी चहाच्या वेळी त्याच्याजवळ बसा, ‘लक्ष का नव्हतं’ हे सोडून विचारा, ‘त्या आधी पंधरा मिनिटांत काय काय झालं होतं?’ आणि तो काय म्हणाला ते मला कळवा.